वाचकांचे प्रश्न : घरच्या व्हीपीएनचं पॅकेट नेमकं कुठे अडतं?

या वेळी निवडलेले सगळे प्रश्न घरी स्वतः चालवलेल्या व्हीपीएनबद्दल आहेत, म्हणजे बाहेरून इंटरनेटवरून घरच्या नेटवर्कपर्यंत येणाऱ्या सुरक्षित बोगद्याबद्दल. पॅकेट म्हणजे त्यातून जाणारा डेटाचा तुकडा. बहुतेकांकडे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’) किंवा जुना लॅपटॉप आहे, त्यावर लिनक्स आणि वायरगार्ड हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर. उत्तरांत सगळीकडे एकच मांडणी धरली आहे. घरचं नेटवर्क १९२.१६८.१.०/२४, पायचा घरातला पत्ता १९२.१६८.१.५०, व्हीपीएनचं नेटवर्क १०.८.०.०/२४, त्यात पाय १०.८.०.१ आणि फोन १०.८.०.२, पोर्ट ५१८२० यूडीपी. तुमचे आकडे वेगळे असतील तर त्याप्रमाणे बदलून घ्या. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं आणि इंग्रजी अंक वापरा. मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे.

नाशिकहून प्रश्न: फोनवरच्या वायरगार्ड ॲपमध्ये बटण चालू होतं, वर किल्लीचं चिन्हही दिसतं. म्हणजे व्हीपीएन जोडला गेला ना? तरीही काहीच उघडत नाही. पोर्ट तपासणाऱ्या वेबसाइटवर पाहिलं तर ५१८२० बंद दाखवते. राउटरची सेटिंग दहा वेळा बदलून झाली.

उत्तर: सेटिंग बदलणं आधी थांबवा. ॲपमधलं चालू बटण फक्त एवढंच सांगतं की फोनवर बोगद्याचं एक टोक तयार आहे. दुसऱ्या टोकाला कोणी आहे की नाही, हे ते सांगत नाही. वायरगार्डमध्ये ‘कनेक्टेड’ अशी अवस्थाच नाही. आहे तो हँडशेक, म्हणजे दोन टोकांनी किल्ल्यांवरून एकमेकांची ओळख पटवणं, आणि सगळा तपास त्याच्यापासून सुरू होतो.

पोर्ट तपासणाऱ्या वेबसाइटचं उत्तरही विसरा. टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवण्याच्या दोन वेगळ्या पद्धती. त्यातल्या बहुतेक साइट टीसीपी तपासतात आणि वायरगार्ड फक्त यूडीपीवर चालतो. एखादीने यूडीपी तपासलं तरी वायरगार्ड अनोळखी पॅकेटला उत्तरच देत नाही. ओळख पटल्याशिवाय गप्प राहायचं, अशीच त्याची रचना आहे. सुरक्षेच्या दृष्टीने हे उत्तम आहे, पण नवशिक्याला चूक कुठे झाली ते यामुळेच कळत नाही.

आता क्रमाने जा. पहिली गोष्ट, फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर या. घरच्याच वाय-फायवरून घरच्याच सार्वजनिक पत्त्यावर जायला बरेच राउटर परवानगी देत नाहीत, त्यामुळे सगळं बरोबर असूनही चाचणी फसते. मग व्हीपीएन चालू करून ॲपमध्ये त्या टनेलच्या, म्हणजे बोगद्याच्या, नावावर टॅप करा. खाली किती डेटा गेला आणि किती आला ते दिसेल. ‘टीएक्स’ वाढतंय आणि ‘आरएक्स’ शून्यावर आहे, म्हणजे फोन हाका मारतोय पण पलीकडून उत्तर नाही. पायवर «सुडो डब्ल्यूजी शो» दिलं की प्रत्येक पीअरखाली (पीअर म्हणजे समोरचं टोक) ‘लेटेस्ट हँडशेक’ ही ओळ यायला हवी. ती ओळच नसेल तर हँडशेक कधी झालेलाच नाही.

हँडशेक नाही असं ठरलं की पायवर हे चालवा:

«सुडो टीसीपीडम्प -एनआय ईटीएच० यूडीपी पोर्ट ५१८२०»

हे साधन नसेल तर «सुडो एपीटी इन्स्टॉल टीसीपीडम्प» करून घ्या. पाय वाय-फायवर असेल तर ईटीएच०च्या जागी डब्ल्यूलॅन० येईल. आता फोनवरून व्हीपीएन बंद करून पुन्हा चालू करा आणि पडद्यावर काय उमटतं ते बघा. हँडशेकची मागणी नेहमी १४८ बाइटची असते आणि तिचं उत्तर ९२ बाइटचं. या दोन आकड्यांवरून जवळजवळ सगळं कळतं.

काहीच उमटलं नाही, तर पॅकेट तुमच्या घरात पोचलेलंच नाही. दोष पायच्या बाहेर आहे: राउटरचं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं पॅकेट पायकडे पाठवण्याचा नियम), चुकीचा पत्ता किंवा इंटरनेट कंपनीकडची रचना. अशा वेळी पायवरच्या फाइल्सना हात लावू नका. राउटरमध्ये फॉरवर्डिंगच्या नियमात टीसीपी निवडलेलं नाही ना आणि नियम १९२.१६८.१.५० याच पत्त्याकडे जातो ना, एवढं पाहा. तरीही काही येत नसेल तर पुढचा प्रश्न वाचा.

१४८ बाइटची पॅकेट येतात पण ९२ बाइटचं एकही परत जात नाही, तर कारणं सहसा दोन. एक, पायवरची फायरवॉल. टीसीपीडम्पला पॅकेट फायरवॉलच्या आधी दिसतात, त्यामुळे फायरवॉलने फेकून दिलेलं पॅकेटही तिथे दिसतं. यूएफडब्ल्यू ही लिनक्सची फायरवॉल चालू असेल तर «सुडो यूएफडब्ल्यू अलाउ ५१८२०/यूडीपी» द्या. दुसरं, किल्ल्यांची अदलाबदल. फोनच्या पीअर विभागात सर्व्हरची पब्लिक की हवी आणि सर्व्हरच्या पीअर विभागात फोनची पब्लिक की. दोन्ही प्रकारच्या किल्ल्या ४४ अक्षरांच्या असतात आणि शेवटी बरोबरचं चिन्ह असतं. दिसायला अगदी सारख्या, त्यामुळे प्रायव्हेटच्या जागी पब्लिक चिकटवली तरी कुठेही तक्रार येत नाही. खात्रीसाठी प्रायव्हेट की «डब्ल्यूजी पबकी» या कमांडला देऊन निघणारी पब्लिक की समोरच्या फाइलमधल्या कीशी जुळते का ते पाहा. कॉपी करताना शेवटचं बरोबरचं चिन्ह गळलं तर मात्र लगेच चूक दाखवली जाते.

तिसरी शक्यता सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी. १४८ येतं, ९२ जातं, आणि पाच-पाच सेकंदांनी पुन्हा १४८ येतं, पुन्हा ९२ जातं. म्हणजे सर्व्हरने फोनला ओळखलं, उत्तरही दिलं, पण ते फोनला पटलं नाही किंवा पोचलंच नाही. तुम्ही प्रीशेअर्ड की, म्हणजे दोन्ही टोकांना सारखीच दिलेली जादा गुप्त किल्ली, वापरली असेल तर आधी तिच्यावर संशय घ्या. वायरगार्डमध्ये ती किल्ली दुसऱ्या संदेशात, म्हणजे सर्व्हरच्या उत्तरात मिसळली जाते. म्हणून दोन्हीकडे ती वेगळी असेल तर सर्व्हर निर्धास्तपणे उत्तर देत राहतो आणि फोन ते टाकून देत राहतो. चाचणीपुरती दोन्हीकडून ती ओळ काढून पाहा.

फाइल बदलताना एक खबरदारी घ्या. वायरगार्डच्या डब्ल्यूजी०.कॉन्फ या फाइलमध्ये ‘सेव्हकॉन्फिग = ट्रू’ अशी ओळ असेल तर टनेल बंद होताना चालू स्थितीच फाइलवर लिहिली जाते आणि तुम्ही केलेला बदल पुसला जातो. आधी «सुडो डब्ल्यूजी-क्विक डाउन डब्ल्यूजी०», मग बदल, मग «अप». किंवा ती ओळच काढून टाका. घरच्या वापराला तिची गरज नाही.

चिपळूणहून प्रश्न: टीसीपीडम्पमध्ये काहीच येत नाही. राउटरच्या स्टेटस पानावर डब्ल्यूएएन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) १०० ने सुरू होणारा दिसतो, पण ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या साइटवर वेगळाच आकडा येतो. डकडीएनएस या बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणाऱ्या सेवेचं नाव मात्र बरोबर उलगडतंय.

उत्तर: दोष तुमच्या सेटिंगमध्ये नाही. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी २०१२ साली राखून ठेवला गेला. तुमच्या राउटरला त्यातला पत्ता मिळाला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटलेला आहे. बाहेरून येणारं पॅकेट कंपनीच्या यंत्रापर्यंत येतं आणि ते कोणाच्या घरी द्यायचं याची नोंद नसल्याने तिथेच संपतं. डकडीएनएसने तोच वाटलेला पत्ता नोंदवला, म्हणून नाव बरोबर उलगडतं आणि तरी कोणी पोचत नाही. घरच्या राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड केले तरी यात फरक पडणार नाही.

डब्ल्यूएएन पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बहुधा फायबरवाल्याने बसवलेला डबा स्वतःच राउटर आहे आणि त्याच्या मागे तुमचा दुसरा राउटर. दोन पर्याय आहेत. दोन्ही डब्यांवर पोर्ट फॉरवर्ड करा, किंवा पहिला डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घ्या, म्हणजे तो राउटरचं काम न करता नुसती जोडणी पुढे देईल. ब्रिज मोड करण्याआधी पीपीपीओईचं (कंपनीच्या जोडणीसाठीच्या लॉगिनचं) युजरनेम आणि पासवर्ड हातात असू द्या, कारण मग तुमच्याच राउटरला डायल करावं लागतं. त्याच डब्यावर लँडलाइन किंवा टीव्हीची सेवा असेल तर ती चालू राहील का, हे तंत्रज्ञाला आधी विचारा. पत्ता १० ने सुरू होत असेल तर तो दुसऱ्या डब्याचाही असू शकतो आणि कंपनीचाही. घरात दुसरा डबाच नसेल तर तो कंपनीचा.

सीजीनॅटवर तीन उपाय आहेत.

पहिला, कंपनीकडून स्टॅटिक किंवा निदान सार्वजनिक आयपी मागणं. बऱ्याच ठिकाणी जादा शुल्क घेऊन तो मिळतो. परवडत असेल तर हाच घ्या, पुढची निम्मी डोकेदुखी वाचते.

दुसरा, आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांचा नवा, खूप मोठा प्रकार. भारतात मोबाइल आणि फायबरवर तो मोठ्या प्रमाणावर मिळतो, आणि त्यात प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता असल्याने सीजीनॅटचा प्रश्नच येत नाही. पायवर «आयपी -६ ॲडर» द्या. २ ने सुरू होणारा ‘ग्लोबल’ पत्ता दिसला तर पाया तयार आहे. एफई८० ने सुरू होणारा पत्ता उपयोगाचा नाही. इथे पोर्ट फॉरवर्डिंग लागत नाही, पण राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल बाहेरून येणारं सगळं अडवते. तिच्यात पायच्या पत्त्याकडे यूडीपी ५१८२० ला परवानगी द्यावी लागते. काही स्वस्त राउटरमध्ये ही सोयच नसते, म्हणून सुरुवातीलाच बघून घ्या. घराला मिळणारा पत्त्याचा पुढचा भाग अधूनमधून बदलतो, त्यामुळे डायनॅमिक डीएनएसची (डकडीएनएससारख्या सेवेतली) नोंद पायवरूनच होऊ द्या. वायरगार्डचं अँड्रॉइड ॲप एकाच नावाला दोन्ही प्रकारचे पत्ते असतील तर आयपीव्ही४ आधी निवडतं, आणि तुमच्याकडे तोच निकामी आहे. म्हणून या नावाखाली फक्त आयपीव्ही६ची, म्हणजे ‘एएएए’ नोंद ठेवा. बोगदा आयपीव्ही६वरून गेला तरी त्याच्या आत १०.८.०.० आणि १९२.१६८.१.० हे नेहमीचे पत्ते तसेच चालतात. अडचण एकच: ज्या वाय-फायवर आयपीव्ही६ नाही तिथून घरी येता येणार नाही.

तिसरा, मधला थांबा. एखादा छोटा व्हीपीएस, म्हणजे सार्वजनिक पत्ता असलेला आभासी सर्व्हर, भाड्याने घ्या. ५१२ एमबी रॅमचाही पुरतो. वायरगार्डचा मुख्य सर्व्हर तिथे ठेवा, तिथला पत्ता १०.८.०.१. घरचा पाय ग्राहक होऊन १०.८.०.१० या पत्त्याने त्याला जोडला जाईल. पायच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह = २५’ हवंच. बरेच नॅट (वाटेत पत्ता बदलणारी राउटरसारखी यंत्रं) यूडीपीची नोंद साधारण ३० सेकंद शांतता राहिली की पुसतात, म्हणून २५. व्हीपीएसवर पायच्या पीअरखाली अलाउड आयपीजमध्ये (त्या पीअरला कोणते पत्ते वापरू द्यायचे ती ओळ) १०.८.०.१०/३२ आणि १९२.१६८.१.०/२४ हे दोन्ही लिहा, नाहीतर घरातली बाकीची यंत्रं दिसणार नाहीत. हे सगळं जड वाटत असेल तर टेलस्केल वापरायला हरकत नाही. तेही आत वायरगार्डच वापरतं आणि सीजीनॅटमधून वाट काढतं, पण यंत्रांची यादी आणि लॉगिन त्यांच्या सर्व्हरवर राहतं.

कोल्हापूरहून प्रश्न: हँडशेक होतो. फोनवरून पाय उघडतो. घरातला प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर आणि इंटरनेट मात्र नाही.

उत्तर: हँडशेक झाला म्हणजे पोर्ट, पत्ता, किल्ल्या सगळं बरोबर आहे. त्यांच्याकडे पुन्हा वळू नका. आता फोनवरून एखाद्या पिंग ॲपने पायरीपायरीने जा: १०.८.०.१, मग १९२.१६८.१.५०, मग राउटर १९२.१६८.१.१, मग १.१.१.१, आणि शेवटी एखाद्या साइटचं नाव. जिथे पहिल्यांदा अडेल तिथेच दोष.

पहिल्याच पायरीवर अडलं तर सर्व्हरवर फोनच्या पीअरखालचे अलाउड आयपीज तपासा, तिथे १०.८.०.२/३२ हवं. दुसऱ्या पायरीवर अडलं तर फोनच्या फाइलमधले अलाउड आयपीज अपुरे आहेत. त्यात १९२.१६८.१.०/२४ नसेल तर फोन ती पॅकेट बोगद्यात घालतच नाही. दोन्ही बाजूंना नाव तेच असलं तरी ग्राहकाकडे या ओळीचा अर्थ ‘कुठे जाणारं पॅकेट बोगद्यातून न्यायचं’ आणि सर्व्हरवर ‘या पीअरला कोणता पत्ता वापरू द्यायचा’.

तुमच्या वर्णनावरून तुमचं तिसऱ्या पायरीवर अडतंय. पाय पॅकेट घेतो, पण पुढे ढकलत नाही. «सिससीटीएल नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड» दिल्यावर १ यायला हवा. ० आला तर /ईटीसी/सिससीटीएल.डी/ या फोल्डरमध्ये ९९-डब्ल्यूजी.कॉन्फ अशी फाइल करा, त्यात «नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड=१» ही ओळ लिहा आणि «सुडो सिससीटीएल --सिस्टम» द्या. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत ही ओळ /ईटीसी/सिससीटीएल.कॉन्फमध्ये टाकायला सांगतात. डेबियन १३ मध्ये सिस्टम सुरू होताना ती फाइल वाचली जात नाही. त्यामुळे आज चाललं आणि रीबूटनंतर बंद पडलं, असं होतं.

फॉरवर्डिंग चालू असूनही अडत असेल तर मास्करेड पाहा. प्रिंटरला १०.८.०.२ हा पत्ता कुठे आहे ते माहीत नसतं. तो उत्तर राउटरकडे पाठवतो, राउटरलाही माहीत नसतं, आणि उत्तर वाटेत हरवतं. मास्करेड लावलं की पाय त्या पॅकेटवर स्वतःचा १९२.१६८.१.५० हा पत्ता लावतो आणि उत्तर बरोबर परत येतं. डब्ल्यूजी०.कॉन्फच्या इंटरफेस विभागात ‘पोस्टअप’ म्हणून ही ओळ हवी:

«आयपीटेबल्स -टी नॅट -ए पोस्टराउटिंग -एस १०.८.०.०/२४ -ओ ईटीएच० -जे मास्करेड»

इथे -ए, पोस्टराउटिंग आणि मास्करेड ही इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहायची. ‘पोस्टडाउन’मध्ये तीच ओळ -ए ऐवजी मोठ्या -डी ने. सगळ्यात जास्त वेळा चुकतं ते ईटीएच०. जुन्या लॅपटॉपवर नाव ईएनपी३एस० असं काहीतरी असतं, वाय-फायवर डब्ल्यूलॅन०. दुसऱ्याच्या लेखातली ओळ जशीच्या तशी उतरवली की नियम अस्तित्वात नसलेल्या दाराला लागतो आणि कुठेही चूक दिसत नाही. तुमचं नाव «आयपी राउट गेट १.१.१.१» मध्ये ‘डेव्ह’नंतर छापलेलं असतं. आयपीटेबल्सच सापडत नाही असं आलं तर ते एपीटीने बसवून घ्या.

त्याच पायवर डॉकर (ॲप वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर आणखी एक कारण संभवतं. डॉकर फॉरवर्ड साखळीचं मूळ धोरण ‘ड्रॉप’ करून ठेवतं. पोस्टअपमध्ये «आयपीटेबल्स -आय फॉरवर्ड -आय डब्ल्यूजी० -जे ॲक्सेप्ट» आणि तशीच -ओ डब्ल्यूजी० ची ओळ घाला. पहिला -आय मोठ्या अक्षरात, दुसरा लहान. फॉरवर्ड आणि ॲक्सेप्ट मोठ्या अक्षरांत. यूएफडब्ल्यू वापरणाऱ्यांना «सुडो यूएफडब्ल्यू राउट अलाउ इन ऑन डब्ल्यूजी० आउट ऑन ईटीएच०» पुरतं.

चौथी पायरी पार पडून पाचवीवर अडलं तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याचा. फोनच्या फाइलमध्ये ‘डीएनएस =’ पुढे पायचा पत्ता असेल आणि पायवर पाय-होल (जाहिराती अडवणारा डीएनएस सर्व्हर) असेल, तर पाय-होलच्या डीएनएस सेटिंगमध्ये तो फक्त स्थानिक विनंत्यांना उत्तर देतोय का ते पाहा. डब्ल्यूजी० वरून आलेली विनंती त्याला परकी वाटते. ती परवानगी वाढवताना राउटरवर ५३ क्रमांकाचं पोर्ट बाहेरून उघडं नाही याची खात्री करा. अँड्रॉइडमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ला एखादं नाव भरून ठेवलं असेल तरी घरातली नावं उलगडत नाहीत.

पुण्याहून प्रश्न: मोबाइल डेटावर सगळं चालतं. सासरी गेल्यावर तिथल्या वाय-फायवरून हँडशेक होतो, इंटरनेटही चालतं, पण घरचा एनएएस (नेटवर्कवर फाइल्स साठवणारं यंत्र) सापडत नाही.

उत्तर: दोन्ही घरांचं नेटवर्क १९२.१६८.१.०/२४ आहे. फोनला तो पत्ता समोरच्याच खोलीतला वाटतो, म्हणून पॅकेट बोगद्यात जातच नाही. सासरच्यांना राउटर बदलायला लावू नका. तुमच्याच घरचं नेटवर्क १९२.१६८.७३.०/२४ असं आडवळणाचं करा. मग पायचं आरक्षण, पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम आणि प्रत्येक ग्राहकाचे अलाउड आयपीज या तीनही जागी नवा आकडा घाला.

लातूरहून प्रश्न: माझ्या फोनवर आणि मुलीच्या फोनवर एकच क्यूआर कोड स्कॅन केला. दोघांचं आळीपाळीने तुटतं.

उत्तर: सर्व्हर प्रत्येक किल्लीमागे एकच पत्ता लक्षात ठेवतो, शेवटचं खरं पॅकेट जिथून आलं तो. मुलीचा फोन बोलला की तुमची उत्तरं तिच्याकडे जातात, तुम्ही बोललात की तिची तुमच्याकडे. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र किल्ल्यांची जोडी आणि स्वतंत्र पत्ता द्या: १०.८.०.२, १०.८.०.३. सर्व्हरवर प्रत्येकापुढे /३२ लिहा. दोघांपुढेही १०.८.०.०/२४ लिहिलंत तर तो पट्टा शेवटच्या पीअरला मिळतो आणि «डब्ल्यूजी शो»मध्ये पहिल्यापुढे ‘नन’ दिसतं.

सोलापूरहून प्रश्न: लाईट गेली आणि आली की व्हीपीएन बंद. दर वेळी पायला स्क्रीन जोडून बसावं लागतं.

उत्तर: इथे सहसा एकाहून जास्त कारणं एकत्र असतात, त्यामुळे सगळीच तपासा.

सेवा आपोआप सुरू व्हायला «सुडो सिस्टमसीटीएल इनेबल डब्ल्यूजी-क्विक@डब्ल्यूजी०» एकदा द्यावं लागतं. हाताने ‘अप’ केलेला टनेल रीबूटनंतर उभा राहत नाही. पायला राउटरकडून दर वेळी तोच पत्ता मिळावा म्हणून राउटरच्या डीएचसीपी पानावर त्याच्या मॅक पत्त्यासाठी १९२.१६८.१.५० आरक्षित करा. तसं नसेल तर लाईट आल्यावर तो .५० चा .५३ होतो आणि पोर्ट फॉरवर्डिंग रिकाम्या पत्त्याकडे बोट दाखवत राहतं.

राउटर पुन्हा डायल करतो तेव्हा घराचा सार्वजनिक पत्ताही बदलू शकतो. डायनॅमिक डीएनएसची स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीत) दर ५ मिनिटांनी चालू द्या. तरीही फोन जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहील, कारण त्या नावामागचा पत्ता वायरगार्ड फक्त टनेल सुरू करताना विचारतो. ॲपमधून एकदा बंद-चालू केलं की नवा पत्ता घेतला जातो. दुसऱ्या टोकाला लिनक्स यंत्र कायम जोडलेलं असेल तर वायरगार्ड-टूल्सबरोबर येणारी ‘रीरिझॉल्व्ह-डीएनएस’ ही स्क्रिप्ट तिथे ठराविक वेळाने चालवा.

वीजपुरवठ्याचं कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात. फोनच्या जुन्या चार्जरवर तो चालतो असं वाटतं, पण मध्येच गळपटतो. «व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड» दिल्यावर ०एक्स० आलं तर ठीक, दुसरं काहीही आलं तर सहसा व्होल्टेज कमी पडलेलं असतं, कधी पाय तापलेला असतो. आधी अडॅप्टर बदलून पाहा. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्या. मात्र गल्लीतल्या फायबर ऑपरेटरच्या पेटीला बॅकअप नसेल तर घरच्या यूपीएसचा व्हीपीएनला उपयोग नाही. अचानक वीज गेल्याने एसडी कार्ड खराब होऊ शकतं. डब्ल्यूजी०.कॉन्फची प्रत पेन ड्राइव्हवर काढून कपाटात ठेवा. त्यात प्रायव्हेट की असते, म्हणून ती ईमेलने स्वतःला पाठवू नका.

ठाण्याहून प्रश्न: सगळं ट्रॅफिक घरून जावं म्हणून अलाउड आयपीजमध्ये ०.०.०.०/० घातलं. तरी काही साइट मोबाइल कंपनीचाच पत्ता दाखवतात.

उत्तर: त्या साइट आयपीव्ही६वरून उघडतायत. ०.०.०.०/० मध्ये फक्त आयपीव्ही४ येतं. त्यापुढे स्वल्पविराम देऊन ::/० जोडा. पायवर आयपीव्ही६ची व्यवस्था नसेल तर ती पॅकेट बोगद्यात जाऊन संपतील, बाहेर गळणार नाहीत, आणि ब्राउझर आयपीव्ही४वर येईल.

रत्नागिरीहून प्रश्न: हँडशेक आहे, मेसेज जातात, हलकी पानं उघडतात. फोटो आणि मोठी पानं अर्ध्यात लटकतात. व्हीपीएस नाही, आयपीव्ही६वरून जोडणी आहे, फायबर पीपीपीओईचं.

उत्तर: हे एमटीयूचं, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचं, लक्षण आहे. लहान पॅकेट जातात, पूर्ण भरलेली वाटेत मावत नाहीत. वायरगार्डचा इंटरफेस सहसा १४२० धरतो. त्यावर बाहेरचं आवरण आयपीव्ही४वर ६० बाइटचं आणि आयपीव्ही६वर ८० बाइटचं चढतं. पीपीपीओईची मर्यादा १४९२. आयपीव्ही४वर १४८० होतात, मावतात. तुमच्याकडे १५०० होतात, मावत नाहीत. दोन्ही टोकांच्या इंटरफेस विभागात ‘एमटीयू = १४१२’ लिहा. मोबाइल नेटवर्कवर तेवढ्यानेही भागलं नाही तर थेट १२८० करा. आयपीव्ही६ला त्याखाली जाता येत नाही. १२८० वर सगळं सुरळीत झालं तर निदान पक्कं, मग हवं तर २०-२० ने वाढवत न्या. वेगात पडणारा फरक घरच्या वापरात जाणवत नाही.

नागपूरहून प्रश्न: मुलगा न्यू जर्सीत आहे. आमच्या घरच्या व्हीपीएनवरून तो सगळं इंटरनेट वापरतो तर फार संथ चालतं. पाय बदलू का? आणि असा व्हीपीएन घरी ठेवण्यासाठी कुठे नोंदणी लागते का?

उत्तर: पाय ४ बदलण्याची गरज नाही. मुलगा जे डाउनलोड करतो ते तुमच्या घरातून अपलोड होऊन जातं, म्हणून तुमच्या प्लॅनचा अपलोडचा वेग हीच त्याची कमाल मर्यादा. शिवाय अमेरिकेतून भारतात जाऊन येण्यात पॅकेटला साधारण २०० मिलीसेकंदांहून जास्त वेळ लागतो, तो कोणत्याही यंत्राने कमी होत नाही. तिथल्याच साइट उघडताना पॅकेट नागपूरला येऊन परत जायला नको. त्याच्या फाइलमध्ये अलाउड आयपीज १०.८.०.०/२४, १९२.१६८.१.०/२४ एवढेच ठेवा. कॅमेरा आणि फाइल्स घरून येतील, बाकी सगळं तिथल्या इंटरनेटने.

नोंदणीबद्दल: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेले ग्राहकांची माहिती ५ वर्षं जपण्याचे निर्देश सर्वसाधारण ग्राहकांना व्हीपीएन सेवा पुरवणाऱ्यांसाठी आहेत. स्वतःच्या कुटुंबापुरता ठेवलेला सर्व्हर त्यात मोडत नाही. जम्मू-काश्मीरमधल्या काही जिल्ह्यांत प्रशासनाने व्हीपीएन वापरावर तात्पुरती बंदी घातल्याचे प्रसंग आहेत. तिकडे प्रवासाला जाणाऱ्यांनी स्थानिक आदेश पाहून घ्यावा. आणि या व्हीपीएनवरून केलेली प्रत्येक गोष्ट तुमच्या घरच्या पत्त्यावरून झाली असंच दिसतं. म्हणून किल्ली घराबाहेरच्यांना देऊ नका.

पणजीहून प्रश्न: हॉटेलच्या वाय-फायवरून हँडशेकच होत नाही, त्याच क्षणी मोबाइल डेटावरून होतो.

उत्तर: ते वाय-फाय अनोळखी यूडीपी पोर्ट अडवतंय. राउटरवर आणखी एक नियम करा: बाहेरून यूडीपी ४४३, आत पायच्या ५१८२० कडे. पायवर काहीच बदलायचं नाही. फोनमध्ये त्याच टनेलची एक प्रत करून एंडपॉइंटचं, म्हणजे घरच्या पत्त्यापुढचं, पोर्ट ४४३ ठेवा. दोन्ही टनेल एकाच किल्लीचे असतील, म्हणून एका वेळी एकच चालू करायचा. आधुनिक ब्राउझर यूडीपी ४४३ स्वतःच वापरतात, त्यामुळे तो बऱ्याच ठिकाणी उघडा असतो. यूडीपी पूर्णच बंद असेल तर वायरगार्ड तिथे चालणार नाही. वारंवार अशा ठिकाणी राहावं लागत असेल तर त्याच पायवर ओपनव्हीपीएन टीसीपी ४४३ वर बसवून ठेवा. तो वायरगार्डपेक्षा संथ आहे, तेव्हा नेहमीच्या वापराला मात्र वायरगार्डच राहू द्या.